डिचोलीतली शुक्रवारची बैठक

सावंतवाडीला गाडी बदलून आम्ही गोव्यात शिरलो, तेव्हा उघड्या खिडकीतून सगळ्यांत आधी आत आला तो काजूचा वास. पिकलेल्या बोंडूंचा (काजूच्या फळांचा) तो गोड, आंबूस वास मला फार आवडला. शेजारी बसलेल्या अण्णाने मात्र खिडकीची काच ओढून घेतली.

अण्णा माझा थोरला भाऊ. गडहिंग्लजला त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दारू सोडून त्याला वर्ष होऊन गेलं होतं आणि त्या वर्षात त्याने शुक्रवारची बैठक कधी चुकवली नव्हती. दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसं तिथे जमतात, आपापलं सांगतात, दुसऱ्याचं ऐकतात. आता पेडण्याजवळ पार्से गावी आमच्या ताईच्या मुलीचं, सुमनचं, शनिवारी लग्न होतं. मला मांडवात अण्णामामानेच न्यायचं, असं तिने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

पार्सेला पोचलो तर घरात नुसती धांदल. अंगणात माडाच्या झावळ्यांचा मांडव, मागे डोंगरउतारावर लालपिवळ्या बोंडूंनी लगडलेली झाडं. ताईने आल्याआल्या गरम उंडे (जाड सालीचे गोल पाव) आणि पातळभाजी पुढे ठेवली. खाणं झालं तसे तिचे दीर प्रभाकरराव अण्णाला कौतुकाने मागच्या पडवीत घेऊन गेले. लग्नासाठी त्यांनी हुर्राक (काजूच्या रसाची पहिली दारू) आणून ठेवली होती. त्या बिचाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं. अण्णा लगेच बाहेर आला आणि माझ्याजवळ बसून हळूच म्हणाला, “आज शुक्रवार आहे गं. इथे कुठे बैठक असेल का?”

त्याच्या गटातल्या गुरुजींनी निघताना एवढंच सांगितलं होतं, की डिचोलीला बाजाराच्या मागे संध्याकाळी एक बैठक भरते. ताईला आडोशाला घेऊन सांगितलं. हळदीचे हात पुसत ती म्हणाली, “जाऊन या. इथलं मी बघते.”

म्हापशाला बस बदलून डिचोलीत उतरलो. बाजारात मानकुराद आंब्यांच्या राशी लागल्या होत्या. बैठक म्हणजे कसली, हे चारचौघांत विचारायचं कसं, म्हणून मी एका फुलवालीला मोघमच विचारलं, की संध्याकाळी पुरुषमंडळी कुठे जमतात? तिने ठामपणे देवळामागच्या सभागृहाकडे बोट दाखवलं.

आम्ही आत पाऊल टाकलं आणि थबकलो. समोर एक पिकल्या केसांचे गृहस्थ हातात बाटली घेऊन झोकांड्या खात होते, आणि भोवतालचे दहाबारा जण त्यांना शाबासकी देत होते. अण्णा माझ्या कानाशी लागला, “ही बैठक आपली नव्हे.” मग कोणीतरी मागून वाक्य सांगितलं, तेव्हा कळलं की जत्रेच्या नाटकाची तालीम चालली आहे. आम्हाला हसू आवरेना. तो दारुडा आपणहून जवळ आला आणि पत्ता विचारायला आलात का म्हणाला. आता आडपडदा ठेवण्यात अर्थ नव्हता. अण्णाने सरळ सांगितलं.

ऐकून त्या गृहस्थांचा चेहरा उजळला. “चला, हांवय थंयच वता (मीही तिकडेच निघालोय).”

त्यांचं नाव शाणूबाब. खाणीवर मेकॅनिक होते. कितीतरी वर्षांत त्यांनी दारूला हात लावलेला नाही, पण पंचक्रोशीत दारुड्याचं काम त्यांच्याइतकं झकास कोणी करत नाही, असं वाटेत त्यांनीच अभिमानाने सांगितलं.

शाळेच्या एका खोलीत बैठक होती. मलाही बसू दिलं. दोडामार्गचा एक ट्रक ड्रायव्हर, भाजी विकणारी एक बाई, आणखी चारपाच जण. सगळ्यांनी सांगितलेलं सोसलेलंच होतं, तरी मध्येमध्ये एवढं हसू उसळत होतं की मला नवल वाटलं. अण्णाची पाळी आली. उद्या हातात ग्लास देतील, नको म्हटलं तर कारण विचारतील, तेव्हा काय सांगू, हीच भीती त्याने बोलून दाखवली.

शाणूबाब म्हणाले, “कारण कित्याक दिवपाचें? नाका म्हणपाचें आनी जेवपाक बसपाचें (कारण कशाला द्यायचं? नको म्हणायचं आणि जेवायला बसायचं).”

दुसऱ्या दिवशी मुहूर्ताच्या आधी स्कूटरवरून दोघे उतरले, इस्त्रीच्या सदऱ्यांत. शाणूबाब आणि तो ड्रायव्हर. आदल्या संध्याकाळी निघताना त्यांनी लग्नघराचा पत्ता विचारून घेतला होता. अण्णाने त्यांना मिठीच मारली. त्याने सुमनचा हात धरून तिला मांडवात आणलं तेव्हा ताई रडत होती आणि सुमन हसत होती. पुढे पंगतीआधी प्रभाकरराव ग्लास घेऊन आलेच. अण्णा म्हणाला, “नको.” एवढंच. प्रभाकररावांनी ग्लास तसाच परत नेला आणि येताना तिघांसाठी सोलकढी घेऊन आले. पान वाढेपर्यंत शाणूबाबांनी नाटकातला प्रवेश करून दाखवला. सगळा मांडव हसत होता आणि सगळ्यांत जोरात अण्णा.

परतताना आंबोलीचा घाट कधी सरला ते मला कळलंच नाही. अण्णा शेजारी असताना मी गाडीत गाढ झोपले होते, कितीतरी वर्षांनी. माझ्या गावापासून इतक्या दूर कुठल्याशा शाळेच्या खोलीत आपली माणसं बसलेली असतात, ही गोष्ट किती निवांत करते माणसाला. जाग आली तेव्हा गडहिंग्लज जवळ आलं होतं. अण्णा म्हणाला, “जत्रेला त्यांचं नाटक आहे. मी जाणार आहे. माझी राखण करायला येऊ नकोस हं. नाटक बघायला ये.”