एका सुरातलं वाचन

तपासणी दोन दिवसांवर आली आणि हेडमास्तर माझ्या वर्गात येऊन मुलांकडून कोरस घोटून घ्यायला लागले. एकानं चूक केली तरी पन्नास आवाजांत ती बुडते, हे त्यांचं वाचनाचं शास्त्र होतं.

मी तेव्हा मिरजगावच्या अलीकडच्या एका गावात शिक्षिका होते. माझ्याकडे जोडवर्ग होता, म्हणजे तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, एकाच बाईंच्या गळ्यात. चौथीतला दत्तू नॉनस्टॉप एसटीसारखा वाचायचा. पूर्णविरामाच्या थांब्यावरही थांबायचा नाही. काय वाचलं विचारलं, की गप्प. शकीला मात्र एकेक अक्षर लावत वाचायची, पण वाचलेलं तिला कळायचं. हेडमास्तरांच्या मते दत्तू हुशार, शकीला ढ. ती नापास झाली तर तिचे वडील तिला शाळेतून काढणार होते.

म्हणून मी रोज फळ्यावर हुकूम लिहायची. कच्च्यांना छोटा, पक्क्यांना मोठा. तो मनात वाचायचा आणि करून दाखवायचा. हेडमास्तर त्याला पोरखेळ म्हणत.

तपासणीला दिपोटीसाहेब, म्हणजे शिक्षणखात्याचे अधिकारी, आले ते घामानं निथळत. मी फळ्यावर लिहिलं, ‘साहेब उन्हातून आले आहेत. त्यांना माठातलं पाणी द्या.’

हेडमास्तरांनी छडी आपटली. अख्ख्या वर्गानं एका सुरात, कौलं हलतील असं वाचलं. साहेब घाम पुसत शाबास म्हणाले. हेडमास्तरांनीही मान डोलावली. जागचं कुणी हललं नाही.

शकीलाचे ओठ अजून हलत होते. शेवटचा शब्द लागला तशी ती उठली आणि माठाकडे निघाली.

“खाली बस. कुणी सांगितलं उठायला?” हेडमास्तर म्हणाले.

“तसं लिवलंय न्हवं, गुरुजी.”

साहेबांनी तिनं आणलेलं पेलाभर पाणी पिऊन शेराबुक मागवलं. अधिकारी आपलं मत ज्यात लिहून जातो, ते हे पुस्तक. त्यांनी लिहिलं, ‘सामूहिक वाचन उत्तम. एक मुलगी वर्गात उठून फिरते.’

वार्षिक निकालाच्या वेळी हेडमास्तर शकीलाला नापास करायला निघाले. साहेबांचा शेराच तसा आहे, म्हणाले. मी शेराबुक त्यांच्यापुढे उघडून धरलं.

“ती फिरते, असं लिहिलंय. तिला वाचता येत नाही, असं कुठं लिहिलंय?”

त्यांनी चष्मा चढवला. ओळीखाली बोट ठेवून सावकाश, पहिल्यांदाच नीट वाचलं. मग तिला पास केलं. पाचवीला शकीला मिरजगावला जायला लागली.

नव्या शिक्षकांना मी एवढंच सांगते. कच्चे आणि पक्के एकाच वर्गात आले म्हणून घाबरू नका, दोघांनाही शिकवता येतं. फक्त वरिष्ठांना काही लिहून द्यायचं असेल, तर कच्च्यांचा हुकूम द्यावा.