बिनआवाजाची बटणं

त्या दिवशी मीटिंगमध्ये मी खोटं बोललो. खोटं लहानसंच होतं, पण ज्यांच्या नावावर खपवलं ते माझे वडील माझ्या मागे, चार हातांवर, दिवाणवर बसून शेंगा सोलत होते.

झालं असं, की माझा कीबोर्ड वाजायचा. मेकॅनिकल म्हणतात त्याला. प्रत्येक बटणाखाली त्याचा स्वतःचा एक छोटा निळा स्विच असतो, आणि बटण दाबलं की तो 'कट्ट' करतो. घरून काम सुरू झालं तेव्हा मी हौसेनं मागवला होता. त्या आवाजात आपण फार काम करतोय असं वाटायचं, आणि मला तसं वाटण्याची गरजही होती. पण त्या दिवशी माइक बंद करायचा राहिला आणि मी कुणाला तरी उत्तर लिहायला घेतलं. आमच्या मॅनेजरबाई बोलता बोलता थांबल्या आणि म्हणाल्या, "ये पॉपकॉर्न कौन फोड़ रहा है भाई?" पडद्यावरचे सगळे चौकोन हसले. माझ्या तोंडून पटकन निघालं, "सॉरी मैम, घर पे पापा टाइप कर रहे हैं. पुरानी आदत है उनकी."

मागे शेंगा फुटायच्या थांबल्या. मग पुन्हा सुरू झाल्या.

बाबांना जुनी सवय होती हे मात्र खरं. वर्धेकडून ते रेल्वेच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून रायपूरला आले आणि इथलेच झाले. रिटायर झाल्यावर बूढ़ापाऱ्यातल्या आमच्या गल्लीचे ते अर्जनवीस झाले. कुणाच्या पेन्शनचं अडलं, कुणाचं नाव कागदात चुकलं, नळाला पाणी नाही, की माणूस आमच्या दारात स्कूटर लावायचा. दुपारी एक ते अडीच माझी जेवणाची आणि आडवं पडायची सुट्टी. तेवढा वेळ टेबल, लॅपटॉप, प्रिंटर आणि तो कीबोर्ड बाबांचा. मी आतल्या खोलीत कूलरसमोर पडलेला असायचो आणि बाहेर बाबांची बोटं सुटायची. मी टाइप करतो तेव्हा नुसता गोंधळ वाजतो. बाबांचं ऐकत राहावंसं वाटायचं. दहा बोटं, जुन्या मशीनच्याच हिंदी पद्धतीनं, आणि नजर कधीच बटणांवर नाही.

"टाइपिंगच्या परीक्षेत बोटाइकडे पाह्यलं का पेपर हिसकून घ्यायचे," ते सांगायचे. "नजर कागदावर, कान मशीनवर. कट्ट वाजलं म्हणजे अक्षर बसलं."

अर्ज झाला की आलेल्या माणसाकडून ते तो मोठ्यानं वाचून घ्यायचे. "वाचा जी तुमच्याच तोंडानं. माणसानं आपला अर्ज सोता वाचला का तिथं ऑफिसात बोलाले हिंमत येते." मला ही पद्धत भारी आवडायची. मित्रांना मी ती कौतुकानं सांगितलीही होती. आता ते कौतुक आठवलं की कानशिलं तापतात.

खोटं बोलल्यावर आठ दिवसांत मी नवे स्विच मागवले. बिनआवाजाचे. हातासरशी बटणांच्या वरच्या टोप्याही नव्या मागवल्या, कारण जुन्यांवरची अक्षरं बाबांच्या बोटांनी पार पुसली गेली होती आणि मला बघितल्याशिवाय एक शब्द लिहिता येत नाही. बाबांना विचारलं नाही. कीबोर्ड माझा, काम माझं, आणि लाजही माझीच, असा माझा हिशेब होता.

रविवारी सकाळी जमिनीवर चादर अंथरून बसलो. आधी टोप्या उपटायच्या, मग चिमट्यानं एकेक स्विच दोन्ही बाजूंनी दाबून ओढायचा. प्रत्येकाला खाली दोन बारीक तांब्याचे पाय असतात. नवा बसवताना ते सरळ भोकात गेले तर ठीक, नाहीतर दुमडतात आणि बटण मुकं होतं. माझ्या हातून पहिल्याच ओळीत तीन दुमडले. मी वैतागलो, तेव्हा बाबा दिवाणवरून उतरून समोर येऊन बसले.

"बिघडला का रे?"

"नहीं बाबा. आवाज़ बहुत करता है."

"मंग? आवाज काहून काढून राहिला? आवाज तर पाह्यजेच."

"ऑफिस वालों को दिक्कत होती है." बाबा मराठीत विचारतात आणि मी हिंदीत उत्तर देतो. आमच्या घरात हे इतकं मुरलंय की कुणाला खटकत नाही. पण त्या दिवशी हिंदीचा मला आडोसा झाला. मराठीत मला ते इतकं सरळ तोंड करून म्हणता आलं नसतं.

ते "हव" म्हणाले आणि उपटलेल्या जुन्या टोप्यांच्या ढिगाशी खेळत बसले. एकेक उचलायची, अंगठा फिरवायचा, खाली ठेवायची. थोड्या वेळानं त्यांनी दोन टोप्या वेगळ्या काढून माझ्या गुडघ्याजवळ ठेवल्या. "ह्या दोन सांभाळून ठेवजो. बोटाचं घर आहे हे." बघितलं तर एफ आणि जे. त्या दोघींवर खाली एक बारीकशी उंच रेघ असते, तर्जनीला जागा कळावी म्हणून. ढीगभर पुसट टोप्यांतून त्यांनी त्या न बघता काढल्या होत्या. मी म्हणालो, "वाह बाबा, क्या हाथ है!" आणि त्या दोन्ही उचलून इतर टोप्यांसोबत पिशवीत टाकल्या. नव्या टोप्या सगळ्या सारख्या, गुळगुळीत होत्या. दिसायला फार सुरेख.

दुपारपर्यंत कीबोर्ड तयार झाला. लोण्यात बोट बुडवावं तसं बटण खाली जायचं, आवाज नाही, अडखळणं नाही. बाबांनी एकदा त्यावर हात फिरवला. "मऊ झाला," एवढंच म्हणाले. सोमवारी मीटिंगमध्ये मी मुद्दाम माइक चालू ठेवून टाइप केलं. कुणाचं लक्षही गेलं नाही. मला आपण फार शहाणे आहोत असं वाटलं.

त्याच आठवड्यात ब्राह्मणपाऱ्यातल्या एक काकी आल्या. त्यांचे यजमान बाबांसोबत रेल्वेत होते, पाऊस संपता संपता वारले होते. पेन्शनच्या कागदात काकींचं नाव चुकलं होतं आणि ते दुरुस्त होईपर्यंत सगळं अडलं होतं. काकींना सही येते, वाचता येत नाही. मी आत पडलो होतो. बाहेर बाबांचा प्रश्न विचारण्याचा आवाज येत होता, काकींचा उत्तर देण्याचा, आणि मध्ये नुसती शांतता. मला झोप छान लागली.

चौथ्या दिवशी काकी परत आल्या. तेव्हा मी टेबलावरच होतो. त्यांनी कागद बाबांपुढे नाही, माझ्यापुढे धरला. बाबांकडे नजर टाकत हळू आवाजात म्हणाल्या, "भैयानं लिहून देल्लं होतं. तिथं ऑफिसातला बाबू हसला. म्हणे माँजी, ये किस भाषा में है. चार लोकाइले बोलावून दाखवलं त्यानं."

मी कागद घेतला. पानभर अक्षरं होती, नीट समासात, नीट परिच्छेदात, खाली सहीची जागा सोडलेली. आणि एकही शब्द शब्द नव्हता. सगळी अक्षरं आपल्या शेजारच्या बटणाच्या घरात जाऊन बसलेली.

मी भडकलो. आता लिहितानाही आठवतं की मला काकींची दया आली म्हणून भडकलो नव्हतो. आपल्या घरातून असा कागद गेला, चार लोकांत हसं झालं, याचा तो राग होता. पॉपकॉर्नवर हसले तेव्हा आला होता तोच. मी बाबांकडे वळून काकींच्या देखत ओरडलो, "बाबा, ये क्या है? निकालने के बाद एक बार देख तो लेते! नहीं होता तो मत करो ना, किसने बोला है करने को?"

बाबा दिवाणवरून उठले. कागद माझ्या हातून घेतला, चष्मा सारखा केला, कागद खिडकीकडे धरला, मान थोडी वाकडी केली. बराच वेळ बघितलं. मग शांतपणे विचारलं, "कोणत्या ओळीत चुकलं रे?"

पानावर बरोबर अशी एकही ओळ नव्हती, आणि ते कोणती ओळ म्हणून विचारत होते.

काकींनाही कळलं असावं. त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "राहू द्या भैया, होते असं." बाबांनी कागदाची नीट चौकोनी घडी घातली आणि खिशात ठेवला. "माहीच चूक झाली बाई. घाईत झालं. तुमाले फुकट हेलपाटा पडला."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

काकी गेल्यावर मी विचारलं, कधीपासून. ते सहज म्हणाले, "दोन वर्सं झाली असतीन. मधातलं दिसत नाही, कडेकडेचं दिसते. डॉक्टर म्हणे आता इतकंच राह्यन." मग माझीच समजूत काढावी तसं म्हणाले, "तुले सांगितलं होतं ना. तू कामात होता."

सांगितलं होतं. मला ती दुपारही आठवली. कानात हेडफोन, पडद्यावर काहीतरी तातडीचं, आणि बाजूला उभं राहून बाबा म्हणत होते, "मले मधात दिसत नाही रे आताशा." मी पडद्यावरची नजर न काढता "हव, हव बाबा" म्हणालो होतो. त्यांनी सांगितलं, मी हव म्हटलं, त्यांच्या लेखी विषय संपला. सकाळचा पेपर त्यांनी बंद केला तो "पेपरात काही राह्यलं नाही" म्हणून, असं मी समजलो. अर्ज वाचून घ्यायची ती पद्धत, जिचं मी मित्रांत कौतुक केलं, ती त्यांची काठी होती. कट्ट वाजलं की अक्षर बसलं, बोटाखाली रेघ लागली की हात घरात आहे, आणि शेवटी समोरच्यानं वाचलं की अर्ज बरोबर. एवढ्या तीन गोष्टींवर ते गल्लीभर लोकांची कामं करत होते आणि कुणाला पत्ता नव्हता. त्यातल्या दोन मी एका रविवारी चादर अंथरून काढून घेतल्या. तिसरी काकींपाशी नव्हती.

त्याच संध्याकाळी पिशवी शोधली. फेकली नव्हती, जुन्या स्विचांसकट माळ्यावर होती. पुन्हा चादर अंथरली. ह्या वेळी बाबांना हाक मारायची हिंमत होत नव्हती, पण ते आपणहून येऊन बसले आणि निळे स्विच एकेक करून बोटांनी तपासायला लागले. "याचा पाय वाकडा आहे," म्हणून माझ्याकडे द्यायचे. मी चिमट्यानं सरळ करायचो. त्यांनी दिलेला एकही चुकला नाही. शेवटी त्या दोन टोप्या त्यांनी स्वतः बसवल्या, आणि बसवल्यावर दोन्ही तर्जन्या क्षणभर तिथंच राहू दिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आडवा पडलो नाही. काकींना स्वतः जाऊन घेऊन आलो. बाबा टेबलावर बसले, मी शेजारी स्टुलावर. खोलीभर कट्टकट्ट सुरू झालं. प्रत्येक ओळ झाली की ते थांबायचे आणि मी ती मोठ्यानं वाचायचो. महोदय, सविनय निवेदन है. सगळं बरोबर होतं. काकींचं नाव दोनदा वाचून घेतलं त्यांनी. मला वाटलं होतं आदल्या दिवशीच्या ओरडण्याबद्दल काहीतरी बोलतील, रागावतील. मी तयार होतो, खरं तर वाटच बघत होतो. त्यांनी प्रिंट काढला आणि काकींच्या हातात दिला.

कागद घेऊन काकी गेल्या. मी खुर्चीवर बसलो, मीटिंगची वेळ झाली होती. हेडफोन उचलला तेव्हा बाबा मागे दिवाणवर टेकत होते.

"आता पुन्हा आवाज जाईन ना रे तुह्या ऑफिसात?"

"जाने दो बाबा."

"नाही, हसतीन ते तुले," ते म्हणाले. "सांगजो, घरी बाबा टाइप करून राहिले म्हणून. मागं सांगितलं होतं ना तू, तसंच."