घमेल्यातली कासवं

दिवाळीनंतर शेतात पाइपलाइनसाठी नाल्याकडेला चर खणताना मामांना ती अंडी सापडली. मामा म्हणजे माझे सासरे; हे त्यांना दादा म्हणतात. पांढरी, गोल, आवळ्याएवढी अंडी धोतराच्या सोग्यात बांधून ते जाफराबादला घरी घेऊन आले.

"कासवाची हायेत. चर तर बुजवता येत न्हाई, मंग घरीच उबवू," म्हणाले.

सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं, आणि तेव्हापासून मामा फारसे बोलत नसत. म्हणून मी नको म्हणाले नाही. एका घमेल्यात नदीची रेती भरून त्यांनी अंडी पुरली आणि घमेलं मोरीजवळ ठेवलं. कोंबडी फिरवते तशी रोज अंडी फिरवायचे. भोकरदनच्या जनावरांच्या डॉक्टरांनी स्टँडवर भेटल्यावर मामांना सांगितलं, फिरवू नका, आतला जीव मरतो. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. पुढे निम्मी अंडी कुजली. ती मीच टाकली. वास दोन दिवस हाताला होता.

उन्हाळ्यात मामा अंगणात पडले आणि खुबा मोडला. हे जालन्याला नोकरीला, शनिवारी यायचे. सकाळी मामांचं सगळं उरकून मी एसटीनं शाळेवर जायचे, दुपारी शेजारच्या काकू त्यांना जेवायला वाढायच्या. संध्याकाळी मी दारात पाय ठेवला की आतून आवाज यायचा, "रेती ओली केली का?"

नळाला आठवड्यातून एकदा पाणी. पिण्याचं, मामांच्या अंघोळीचं, अंथरुणं धुण्याचं, आणि त्यातून तांब्याभर रेतीला. एक दिवस बस रस्त्यातच बंद पडली होती. मी निम्म्या वाटेवरून चालत आले होते. चपला काढायच्या आत तोच प्रश्न.

"मामा, त्या अंड्यात जीव हाये का न्हाई, देव जाणे. माझ्यात हाये का, ते एकदा तरी विचारा."

 मी चहा केला, त्यांना बशीतून पाजला. 

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. मला वाटलं होतं, सुटले. पण भाकरी थापताना लक्ष सारखं मोरीकडे जात होतं. शेवटी उठले आणि पिठाच्या हातानंच पाणी शिंपडलं. मामा खाटेवरून बघत होते. बघून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

पाऊस चांगला लागला, पेरण्या झाल्या. काहीच होईना, तेव्हा रेती अंगणात ओतून द्यायचं मी ठरवून टाकलं. त्याच आठवड्यात सकाळी घासायची भांडी घेऊन मोरीत गेले, तर रेतीवर एक चिमुकलं डोकं. दुपारपर्यंत दोन पिल्लं बाहेर आली. बाकीची अंडी तशीच राहिली.

एक उचलून मामांच्या तळहातावर ठेवलं. रुपयापेक्षा जरा मोठं, पाठीवर पिवळे ठिपके. ते हातावरून सरकू लागलं तसा मामांनी दुसरा हात आडवा धरला.

"लई बारीक हाये गं," ते म्हणाले. आणि पिल्लू परत देताना, "लई थकली तू."

मी म्हणाले, "न्हाई, तसं काही न्हाई."

रविवारी एका डब्यात ओली रेती घालून मी दोघांना पूर्णेच्या डोहावर नेलं. काठाच्या चिखलात सोडलं. एक लगेच पाण्यात गेलं. दुसरं बराच वेळ तिथंच बसलं, आणि मीही. आनंद झाला असं नाही म्हणता येणार. पाय फार दुखत होते.

घरी येऊन सांगितलं, "सोडली." मामांनी मान हलवली. मी जरा आडवी झाले ती दिवेलागणीलाच उठले. स्वयंपाकघरात हे खिचडी लावत होते.

"उठवलं का न्हाई?" मी विचारलं.

"दादांनी उठवू दिलं न्हाई," हे म्हणाले.