अक्काने उघडलेली चाकं

अक्का गेली ती झोपेतच. कोल्हारच्या तिच्या दूध संकलन केंद्रावर पहाटे किटल्या घेऊन आलेल्या लोकांना शटर बंद दिसलं, आणि इतक्या वर्षांत असं कधी घडलं नव्हतं म्हणून त्यांच्यातल्या एकाने घरी जाऊन कडी वाजवली. मला शेवगावला फोन आला तेव्हा मी शाळेत निघाले होते, एक चप्पल पायात, एक हातात... तशीच मी बराच वेळ पायरीवर बसून राहिले. त्याला आता सहा आठवडे होत आले. दहाव्याला लोक तिच्याबद्दल खूप चांगलं बोलले. कष्टाळू होती, चोख होती, मायाळू होती. मायाळू ती होतीच. पण माझ्या या थोरल्या बहिणीने एका माणसावर सूड उगवला, आणि तो तिने जितकं मन लावून उगवला तितकं मन लावून दुसरं काही केल्याचं मला आठवत नाही. त्याबद्दल दहाव्याला कुणी बोललं नाही, म्हणून मी लिहिते आहे.

दाजी, म्हणजे तिचे यजमान, गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. हळू बोलणारा, हळू गाडी चालवणारा माणूस. त्यांनी एक जुनी कार घेतली होती आणि दर रविवारी ते ती स्वतः धुवायचे. एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर तिच्या पुढच्या चाकांतून बारीक, चिरका आवाज यायला लागला. ब्रेकवर पाय ठेवला की यायचा, पाय काढला की थांबायचा. केंद्राच्या समोरच, रस्त्यापलीकडे एक गॅरेज होतं. तिथल्या मिस्त्रीचं नाव अक्काने नंतर कधी घेतलं नाही, मीही घेत नाही. त्याने दोन्ही पुढची चाकं उघडली, अर्ध्या तासात परत बसवली आणि दाजींना म्हणाला, "आता वाजनार न्हाई." अक्का गाडीतच बसलेली होती. पुढे आयुष्यभर ते तीन शब्द ती त्याच्याच आवाजात म्हणून दाखवायची.

गाडी खरंच वाजली नाही. दिवाळी झाली, पाहुणे झाले... आणि एका संध्याकाळी प्रवरेच्या पुलाकडे जाताना पुढे चाललेला उसाचा ट्रॅक्टर अचानक थांबला. दाजींनी ब्रेक दाबला, पण गाडी थांबली नाही. दाजी जागीच गेले. पंचनाम्यात चालकाचा निष्काळजीपणा असं लिहिलं गेलं. अक्का रडली ती दाजींसाठी, पण तिचे दात आवळले गेले ते त्या एका शब्दावर. जो माणूस म्हशीला इंजेक्शन देताना आधी तिच्या पाठीवर हात फिरवायचा, तो निष्काळजी?

चुरा झालेली गाडी अंगणात आणून ठेवली होती. महिना झाल्यावर अक्काने मला बोलावून घेतलं. मला वाटलं, एकटेपणा खायला उठला असेल. गेले तर ती दाजींचे नटबोल्टचे पाने काढून बसलेली. म्हणाली, "दुरुस्त न करता आवाज गेला कसा, तेवढं मला बघायचंय." आम्हा दोघींना त्यातलं काही येत नव्हतं. तिने मोबाईलवर पाहून पाहून सगळं कागदावर उतरवलं होतं. मागच्या चाकांना दगड लावले, गाडी जमिनीवर असतानाच नट सैल केले, मग जॅकने उचलली आणि नुसत्या जॅकवर भरवसा नको म्हणून खाली लाकडी ठोकळे सरकवले. चाक निघालं. आतली चकती दिसली, तिला दोन्ही बाजूंनी धरणारे पॅड दिसले. ते तिने काढले आणि ओट्यावर ठेवले. शेजारी संगमनेरहून मुद्दाम आणलेला, त्याच गाडीचा नवा पॅड ठेवला. नव्या पॅडला एक छोटी पत्र्याची पट्टी असते. पॅड झिजून संपत आला की ती चकतीला घासते आणि वाजते. माणसाला कळावं म्हणूनच ती बसवलेली असते. दाजींचे पॅड लोखंडापर्यंत झिजले होते आणि ती पट्टी नव्हती. मुळापाशी पक्कडीचा सरळ काप होता.

मी म्हणाले, अपघातात मोडली असेल. अक्काने उठून दुसऱ्या बाजूचे नट सैल करायला घेतले. तिथंही तेच. त्याच जागी, तसाच सरळ काप. नवे पॅड आणायचा कंटाळा केला होता त्याने, बाकी काही नाही. दिवाळीची गर्दी होती. आवाज बंद करून द्यायचा होता, तो बंद करून दिला.

दोघी त्याच्याकडे गेलो. त्याने पॅड हातात घेऊन पाहिलेसुद्धा नाहीत. हसला. "बाई, तुमी दुधाचं फॅट बघा. ब्रेकमधलं तुमाला काय कळतंय?" पोलीस म्हणाले, प्रकरण मिटलंय. परत येताना ती रस्ता ओलांडून केंद्राच्या दारात थांबली आणि वळून गॅरेजकडे नुसती बघत राहिली. मला त्या वेळी तिची भीती वाटली होती.

मग ती ब्रेकचं काम शिकली. वर्षभर शिकली. आणि एका रविवारी, सकाळचं दूध घेऊन झाल्यावर, तिने केंद्रापुढच्या मोकळ्या जागेत गोणपाट अंथरलं. दूध घालायला येणाऱ्यांच्या गाड्या होत्याच, व्हॅन होत्या, पिकअप होते. ज्याचा ब्रेक वाजतो त्याला ती आधी विचारायची, सकाळी पहिल्यांदा गाडी काढल्यावरच वाजतो की दिवसभर? सकाळपुरता असेल तर रात्रीच्या दवाचा गंज आहे, दोनचार ब्रेकांत जाईल. दिवसभर असेल तर चाक काढ. काढायचं त्यानेच, ही फक्त शेजारी उभी. कधी खडा अडकलेला निघे, कधी पॅड ज्यांवर सरकतो त्या पिना कोरड्या पडलेल्या. ग्रीस पॅडच्या पाठीला लावायचं, तोंडाला लागू द्यायचं नाही, हे तिने शेकडो वेळा सांगितलं असेल. आणि समोरच्या गॅरेजात जाऊन आलेल्या गाडीतून पट्टी तोडलेला पॅड निघाला की ती तो तारेत ओवून रस्त्याच्या बाजूला टांगायची. पहिल्याच महिन्यात चार निघाले. मिस्त्री शटर उघडायचा तेव्हा समोर ते लटकत असायचे. ती त्याच्याबद्दल कुणाला एक शब्द सांगत नसे. लोकांनीच विचारायचं आणि लोकांनीच समजून घ्यायचं.

त्याचं गॅरेज ओस पडत गेलं. मी एकदा तिला विचारलं, अक्का, दाजींना हे आवडलं असतं का? ती म्हणाली, "न्हाई. पन ते हायत कुठं? मला आवडतंय." मी पुन्हा विचारलं नाही. खरं सांगायचं तर मलाही आवडत होतं.

त्याची बायको आली एकदा, तार काढा म्हणून. अक्काने तिला चहा दिला, तिच्या स्कूटीचे ब्रेक बघून दिले, दारापर्यंत सोडायला गेली. तार काढली नाही. शेवटी तो स्वतः आला. ताई, चुकलं माझं, असं आत येऊन पुटपुटला. अक्का म्हणाली, मला सांगू नको, ह्यांना सांग. बाहेर सकाळची रांग होती. तो रांगेपुढे उभा राहिला आणि खाली बघत बोलला. "मोठ्यानं," अक्का म्हणाली. मग तो मोठ्याने बोलला. पट्टी मी तोडली, पॅड संपल्याचं मी त्यांना सांगितलं न्हाई, त्यांची चूक नव्हती... अक्काने पुढच्या माणसाची किटली ओढून घेतली आणि दुधाचा नमुना काढला. तार तशीच राहिली. माफी मागितली म्हणून काढीन, असं ती कधी म्हणाली नव्हती.

पुढे गॅरेज बंद करून तो गाव सोडून गेला, आणि आला कुठे, तर माझ्या शेवगावात, दुसऱ्याच्या गॅरेजवर कामाला. मी अक्काला कळवलं. ती म्हणाली, तुझी गाडी त्याच्याकडंच टाकत जा. तेव्हापासून टाकते. तो चाक उघडतो, मी शेजारी उभी राहते, आमच्यात बोलणं नसतं.

तेरावं झाल्यावर मी गेले होते. गाडीला काही झालं नव्हतं. त्याने मला पाहिलं आणि न सांगताच जॅक घेतला, ठोकळे सरकवले. केस पिकलेत आता त्याचे. पॅड बाहेर काढला, फडक्याने पुसला आणि पट्टी दिसेल असा उजेडात धरून माझ्यापुढे केला. असा तो आता प्रत्येक गिऱ्हाइकापुढे धरतो, असं गॅरेजचा मालक सांगतो. वाचायला चष्मा लावतात तसं सहज. मग खाली बघत त्याने विचारलं, "अक्का कशा हायत?"

मी म्हणाले, "बऱ्या हायत. पुढच्या महिन्यात इकडं येनार हायत."

त्याने मान हलवली आणि तोच पॅड पुन्हा एकदा पुसायला घेतला.