एका हातानं धरलेला खडस

भामरागडच्या वरच्या अंगाला, पामुलगौतम नदीच्या काठी एक लॉज आहे. तिथं मी पाहुण्यांना मासेमारीला घेऊन जाते. दिवाळीनंतर रस्ता सुकला की लॉज उघडतो, आणि उन्हाळ्यात पाणी खडकांच्या बुडाशी गेलं की बंद होतो. पावसाळ्यात तिकडं जायला वाटच उरत नाही. पाहुणे पुण्याचे, हैदराबादचे, एखादा परदेशातला. लांब लवचिक काठी, जाड दोरी आणि पिसं-दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी घेऊन ते मांडीभर पाण्यात उभे राहतात. खडस, म्हणजे महसीर, लागला की त्याचा फोटो काढतात आणि त्याला परत पाण्यात सोडतात. मासा कुठल्या खडकाआड असेल ते मी सांगायचं, पाहुणा शेवाळावरून घसरू नये हे बघायचं, आणि मासा दमून जवळ आला की त्याच्याखाली हातजाळी घालायची.

मी ढिवराच्या घरची. पोंभुर्ण्याच्या बाजूला, वैनगंगेकाठी आमचं गाव. वडील जाळं टाकायचे, आई जाळी विणायची आणि बाजारात मासे विकायला बसायची. धरलेला मासा सोडून द्यायची नोकरी लागली, असं मी घरी सांगितलं तेव्हा आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, "सोडाचाच हाय तं धरता काऊन?" पण काम मला आवडतं. मी लॉजवर आधी स्वयंपाकघरात होते. मालकांनी काठी फेकायला शिकवली आणि माझा हात बरा बसला, म्हणून नदीवर आले.

ज्यांना मी भाऊ म्हणते ते पाहुणे पहिल्यांदा आले तेव्हा मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "याला तू सांभाळ. मला भीती वाटते." भाऊंना डावा हात नव्हता, खांद्यापासूनच. सिमेंट कारखान्यांच्या गडचांदूरला त्यांचं ट्रकच्या टायरचं दुकान. हवा भरताना चाकाची रिंग उडाली आणि हात गेला. हे त्यांनी मला पहिल्याच सकाळी सांगितलं, पावसापाण्याबद्दल बोलावं तसं. दवाखान्यात पडल्यापडल्या त्यांनी मोबाइलवर कुठल्याशा देशातला एक माणूस पाहिला, एका हातानं काठी फेकणारा. घरी आल्यावर काठी मागवली. दुकानामागं ट्रक उभे राहतात त्या मोकळ्या जागेत एक जुना टायर आडवा टाकायचा आणि त्याच्या मधल्या भोकात माशी टाकायची, अशी त्यांनी सवय केली. ड्रायव्हर लोक चहा पीत बघत राहायचे.

"सिमेंटच्या धुळीत मासे पकडून राह्यला, म्हनत होते," भाऊ म्हणाले. "म्हनू दे."

त्यांची फेक खरोखर चांगली होती. दोरी मागं जाऊन पूर्ण उलगडेपर्यंत ते थांबायचे. दोन हातांच्या पाहुण्यांनाही तेवढा धीर नसतो. अडचण पुढं होती. फेकल्यावर दोरी थोडी थोडी ओढावी लागते, म्हणजे खोटी माशी जिवंत वाटते. त्यासाठी दुसरा हात लागतो. भाऊ दोरी दातांनी ओढायचे. ओल्या दोरीला रेती चिकटलेली असायची, त्यानं त्यांच्या ओठाचा कोपरा कापला गेला होता. रात्री तिथं ते खोबरेल तेल लावायचे आणि जेवताना तिखट टाळायचे.

नदीत उतरण्याआधी त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली. "मासा लागला तरी हात नको लावू पोरी. पडलो तं पाहू."

मासे लागले. पण आमच्या गळांना उलटा काटा नसतो, माशाला इजा होऊ नये म्हणून. दोरी क्षणभर सैल पडली तरी मासा सुटतो. भाऊ मासा जवळ आणायचे, काठी काखेत दाबायचे आणि हात खाली न्यायचे. तेवढ्यात दोरी ढिली. एकामागून एक मासे गेले. मी जाळी घेऊन मागं उभी, आणि मला काही करायचं नाही. निघायच्या आदल्या दिवशी एक मध्यम खडस अगदी माझ्या पायाशी आला आणि सवयीनं माझी जाळी खाली गेली. मासा जाळीत आला.

भाऊंनी माशाकडं पाहिलंसुद्धा नाही. "तुले काय म्हनलो होतो मी?"

"भाऊ, तो निघून गेला असता."

"तं जाऊ देला असतास! आता तो तुहा झाला."

मी मासा सोडला. ते त्या रात्री जेवले नाहीत आणि सकाळी ठरल्याआधीच गाडीत बसून निघून गेले. मालकांना वाटलं, आता हा माणूस पुन्हा यायचा नाही. मलाही तसंच वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याचं मला काही वाटलं नाही. पाहुणे येतात, जातात.

त्या उन्हाळ्यात आईला लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढू लागला, बोलणं मात्र वाचलं. डॉक्टरांनी हाताचा व्यायाम सांगितला होता. आई करायची नाही. भिंतीला टेकून अंगणाकडं पाठ करून बसायची. वहिनी तिचं सगळं करायची. मी पावसाळाभर घरीच होते. मी विनवलं, रागावले, तिच्या हातात रबरी चेंडू दिला. तो चेंडू तिनं ठेवला तिथंच राहिला. "माहं झालं," एवढंच म्हणायची. दिवाळीनंतर मी लॉजवर परत आले. इलाज नव्हता.

आणि भाऊ आले. कमरेला ट्रकच्या ट्यूबचा रुंद पट्टा, त्याला पोटाजवळ एक रबरी खोबण शिवलेली. मासा लागला की काठीचा दांडा त्या खोबणीत बसवायचा, हात मोकळा. मागच्या वेळी काय झालं होतं त्याचा त्यांनी उल्लेख केला नाही. फक्त म्हणाले, "आता जाळी पाहिजे मले. तुमची नाई चालत."

आमच्या हातजाळ्या बाजारातल्या. दांडा लांब, पोट उथळ. एका हातानं उचलली की मासा उडी मारून बाहेर. त्यांना हवी होती आखूड दांड्याची, खोल पोटाची, पट्ट्याला अडकणारी. अशी जाळी कोण विणेल, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझी आई विणायची, पण आता तिला होत नाही. का होत नाही, तेही सांगितलं.

भाऊ पाण्याकडं बघत होते. "कोन्ता हात गेला?"

"उजवा."

भाऊ परत निघाले तेव्हा माझीही सुट्टी होती. आष्टीपर्यंत सोडतो म्हणाले, आणि आष्टीला पोचल्यावर गाडी न थांबवता आमच्या गावाकडं वळवली.

आई नेहमीच्या जागी बसली होती. भाऊ तिच्यासमोर जमिनीवर बसले. आईनं आधी त्यांच्या रिकाम्या बाहीकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं.

"बाई, मले जाळी पाहिजे," भाऊ म्हणाले.

"माहा हात नाई चालत भाऊ."

"माहाबी एक नाई. तुमचा डावा, माहा उजवा. सांगा, कसं कराचं?"

मला वाटलं, आई तोंड फिरवेल. पण तिनं वहिनीला हाक मारून पेटीतली बांबूची सुई आणि सुताची रिळं आणायला सांगितली. आमच्याकडं जाळी विणताना दोरा पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणतात. आईनं डावा पाय पुढं केला, अंगठ्यात दोरा घातला आणि डाव्या हातात जाळीची भोकं एकसारखी ठेवणारी पट्टी धरली. सुई भाऊंच्या हातात.

पुढचा तासभर जे चाललं त्याला विणणं म्हणता येणार नाही. भाऊंना गाठच जमेना. आई सांगे, "खालून घ्या, खालून," ते वरून घेत. दोरा गुंतला. तो सोडवताना दोघं एकमेकांवर खेकसले.

"बोटं हायत का टायर हायत?" आई ओरडली.

"टायरच हायत! जनमभर तेच केलं ना!"

वहिनी पदर तोंडाला लावून हसत होती. लकवा मारल्यापासून आई कुणावर ओरडली नव्हती. मी चुलीपाशी उभी राहून बघत होते, आणि मला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण त्याआधी राग आला. इतके महिने मी हात जोडले, आणि उठली कुणासाठी, तर रस्त्यानं आलेल्या माणसासाठी. मी तशीच भाकरी थापायला बसले.

त्या दिवशी जेमतेम चार बोटं जाळी झाली, तीही तिरपी. भाऊ दुकानाच्या सुट्टीला आमच्या घरी येत राहिले. मी लॉजवर असायचे. वहिनी फोनवर सांगायची. एकदा सांगितलं की आईनं त्यांना हाकलून दिलं. त्यांनी ओढताना दोरा तोडला होता. दुसऱ्यांदा सांगितलं की ते गेल्यावर आई एकटीच विणायला बसली, सुई डाव्या हातात आणि दोरा दातांत. दातांची युक्ती तिला कुणी शिकवली ते मी विचारलं नाही. उजव्या हाताची बोटं अजून उचलत नव्हती, पण पट्टी दाबून धरण्यापुरता तो हात तिनं मांडीवर ठेवायला सुरुवात केली होती.

होळीच्या आधी भाऊ जाळी घेऊन लॉजवर आले. अर्धी जाळी वेडीवाकडी, अर्धी आईच्या जुन्या हातासारखी एकसारखी. कुठून काय बदललं ते बोट ठेवून दाखवता आलं असतं.

पाणी उतरलं होतं. दुसऱ्या सकाळी धारेच्या कडेला, काळ्या खडकाच्या पुढं त्यांना खडस लागला. मोठा होता; दोरी सुटताना काठीवरचं रीळ जो आवाज करत होतं त्यावरूनच कळलं. मासा सरळ खाली धारेत शिरला. भाऊंना त्याच्यामागं जावंच लागलं. मी दोन पावलं मागं होते, हात माझेच मी एकमेकांत अडकवून ठेवले होते. शेवाळलेल्या दगडावर त्यांचा पाय गेला आणि ते छातीपर्यंत पाण्यात बसले. काठी वर धरलेली. तोल सावरायला दुसरा हात नव्हता, आणि काठी सोडली तर मासा गेला. धार त्यांना ओढू लागली.

"धर!" ते ओरडले.

काय धरू, हे विचारायला वेळ नव्हता. काठी माझ्या हाताच्या अंतरावर होती. मी त्यांचा पट्टा धरला, मागून, दोन्ही हातांनी, आणि टाचा वाळूत रोवल्या. ट्यूबचं रबर ताणलं, पण तुटलं नाही. ते हळूहळू उभे राहिले. काठी तशीच वर होती.

मग मी पट्टा सोडला.

त्यांनी काठी खोबणीत बसवली, मासा दमेपर्यंत वाट पाहिली. बराच वेळ गेला. शेवटी खडस कुशीवर आला, सोनेरी, खवले तळहाताएवढे. भाऊंनी जाळी काढली, पाण्याखाली नेली आणि वर उचलली. माशाचं डोकं आत, शेपटी बाहेर. पण तो आत राहिला. मी फोटो काढला. फोटोत भाऊ हसत नाहीयेत, धापा टाकतायत.

मासा सोडल्यावर ते काठावर बसले आणि बुटातलं पाणी ओतू लागले.

"तू मले धरलं," म्हणाले. "माशाले नाई."

"हो भाऊ."

"मंग ठीक हाय."

त्यानंतर ते प्रत्येक हंगामात येतात. कधी मासा मिळतो, कधी नाही. पाण्यात उतरताना आता ते माझ्या खांद्यावर हात ठेवतात. आईचा उजवा हात पुरता आला नाही. पण काठी टेकत ती बुधवारच्या बाजारात वहिनीसोबत जाऊन बसते, माशांच्या भावावरून गिऱ्हाइकांशी वाद घालते. जाळ्या तिनं पुढं फारशा विणल्या नाहीत. डोळ्यांना ताण येतो म्हणते. यंदा भाऊंच्या मुलीचं लग्न आहे, म्हणून ते उशिरा येणार आहेत. हे मला आईकडून कळलं. फोन ते तिलाच करतात.