कुलूपबंद कपाटाची किल्ली

डॉ. कुसुम गुंजाळ मॅडमची आणि माझी पहिली ओळख वासाने करून दिली. श्रीगोंद्याच्या महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवायला रुजू झालो तेव्हा उसाच्या गळिताचा हंगाम होता, गावभर कारखान्याच्या मळीचा वास. प्रयोगशाळेच्या दारात मात्र खारट, कुबट दर्प आला. मॅडम रत्नागिरीहून आलेलं पोतं सोडून तपकिरी समुद्री शेवाळ निवडत बसल्या होत्या. "नवीन ना? या, वाळू झटका," एवढंच म्हणाल्या.

उसाच्या मुलखात बसून समुद्र तपासणाऱ्या बाई म्हणून त्यांची पुष्कळ थट्टा झाली. मीही केली. शेवाळ वाळवायचं, दळायचं, अर्क काढायचा आणि त्यातलं एकेक संयुग वेगळं करून ओळखायचं, हे त्यांनी उभी हयात केलं. एका संयुगाने काचेच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशी मरताना दिसल्या. त्याच अर्कात आर्सेनिकही सापडलं. मॅडमनी दोन्ही गोष्टी सारख्याच ठळकपणे मांडल्या. वर्तमानपत्राने पहिलीच छापली.

मग माणसं येऊ लागली, पार खर्ड्याहूनसुद्धा, हातात रिपोर्टच्या पिशव्या घेऊन. मॅडम प्रत्येकाला चहा देत, समजावून नकार देत आणि अर्काच्या कपाटाला कुलूप ठेवत. एके दिवशी मी माझ्या आजारी आईला घेऊन गेलो. आम्ही शिंगणापूरचे. आई म्हणाली, "बाई, आमच्या गावात घराला दार न्हाई. तुमी कपाटाला कुलूप लावून बसलात व्हय?"

मॅडमनी आईपुढे चहा ठेवला. "काकू, हे बशीत चालतं. तुमच्या पोटात काय करील, मला ठाऊक नाही."

पुढे आईच्या प्रत्येक केमोला त्या नगरला सोबत आल्या, तिच्या उलट्या स्वतःच्या हाताने काढल्या. आई गेली. तो नकार मला आजही पचलेला नाही. गौरवलेखात असं लिहू नये हे कळतं, पण नको असलेला निष्कर्ष गाळलेला मॅडमना चालत नाही.

नंतर मॅडमच्या यजमानांना, गुंजाळ सरांना, तोच आजार झाला. निदान झालं त्याच दिवशी मॅडमनी कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "तुम्ही सांभाळा. मी मागितली तरी देऊ नका."

"मलाच का?"

"तुम्हाला द्यावीशी वाटणार नाही, म्हणून."

सरांनी अन्न सोडलं त्या दुपारी मॅडम आल्या आणि हात पुढे केला. "एकदाच द्या. त्यात काय आहे ते मला माहीत आहे."

"म्हणूनच देत नाही, मॅडम," मी म्हणालो. तेव्हा डोळ्यांसमोर आई होती. मी त्यांचा शब्द पाळत होतो की सूड उगवत होतो, मला सांगता येत नाही. मॅडम बाकावर बसून ढसाढसा रडल्या.

सर गेले. तेराव्यानंतर त्या प्रयोगशाळेत आल्या, नवं पोतं सोडलं आणि वाळू झटकू लागल्या. किल्लीचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही नाही.

आज मॅडमना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. औषध अजून झालेलं नाही, कदाचित होणारही नाही. निवृत्तीनंतरही त्या रोज येणार आहेत. त्यांना उदंड आयुष्य लाभो, कुठलाही आजार त्यांना न शिवो. हे मागणं त्यांच्यासाठी आहेच, माझ्यासाठीही आहे. किल्ली अजून माझ्याच खिशात आहे, आणि तो हात पुन्हा माझ्यापुढे आला, तर मला नाही म्हणता येणार नाही.