ब्रेकवरचा हात

आमच्या गावी, ठाणाकुशनूरला, शेजारच्या शेतात बोअर मारताहेत. ओल्या मातीच्या आणि डिझेलच्या वासानं मला गोदावरीच्या मुखाजवळची गॅसविहीर आठवली.

तिथं मी नवखा होतो. एका दुपारी पाइप वर-खाली सोडणाऱ्या यंत्राच्या ब्रेकवर मी होतो. विहिरीतला गाळ वर आणणारा पंप अचानक बंद पडला. खाली खोलवर गेलेला पाइप स्थिर राहिला असता, तर गाळात कायमचा अडकला असता. मी ब्रेकची दांडी दाबून तशीच धरून ठेवली. निर्णा गावचे इरण्णा, आमचे मुख्य ड्रिलर, शेजारी येऊन उभे राहिले.

"कामून भ्यायलास? पाइप थांबू देऊ नगंस, वर-खाली करत ऱ्हा. मी हाय इथं."

पंप सुरू होईपर्यंत ते हलले नाहीत. पाइप मोकळाच राहिला.

तेव्हा मला पाइप वाचल्याचाच आनंद होता. इरण्णांनी ब्रेक माझ्याकडून काढून घेतला नाही, हे आज फार मोठं वाटतं. त्याच कामाच्या कमाईवर मी पुढं घर उभं केलं.